खेळांचा संग्रह आणि खेळणाऱ्याची रसिकता

मराठीत कॉम्प्युटर गेम्सबद्दल जे छापून येते, त्यातले बरेचसे धास्तीपोटी लिहिलेले असते. मुलांचा अभ्यास, डोळ्यांवरचा ताण, रात्रीची जागरणे आणि गेल्या काही वर्षांत पैसे लावून खेळायच्या अ‍ॅप्सनी कर्जबाजारी केलेली घरे. या चिंता खोट्या नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांच्या गेम्सवर बंदी घातली, त्यामागे हीच अस्वस्थता होती. मात्र त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे गेम्स वेगळे काढले, याकडे आपल्याकडच्या चर्चेत पुरेसे लक्ष गेले नाही. गेमिंग म्हटले की रमी, सट्टा, आणि पडद्यासमोर कोमेजलेले मूल हेच चित्र अजून डोळ्यांपुढे येते. नाटकाच्या आणि गाण्याच्या जाणकाराला जिथे मान मिळतो, त्याच समाजात गेम्सच्या जाणकाराकडे रिकामटेकडा म्हणून पाहिले जाते. पुढच्या पानांचा विषय असलेले स्टीम हे व्यासपीठ समजून घ्यायचे तर आधी हा पूर्वग्रह बाजूला ठेवावा लागेल.

स्टीम हे एकाच वेळी दुकान आहे, खरेदी केलेल्या गेम्सचा संग्रह आहे, ते गेम्स संगणकावर उतरवून अद्ययावत ठेवणारी यंत्रणा आहे आणि खेळणाऱ्यांचे भेटण्याचे ठिकाणही आहे. मार्च २०२५ मध्ये एकाच क्षणी चार कोटींहून अधिक लोक त्यावर हजर असल्याची नोंद झाली. एवढा पसारा असलेल्या गोष्टीचे वर्णन करणे सोपे आहे आणि ते अनेकांनी केले आहे. मला इथे एक मुद्दा मांडायचा आहे. कॉम्प्युटर गेमला पूर्वी स्मृती नव्हती. सीडी खराब झाली, संगणक बदलला, की गेम गेला आणि त्यासोबत खेळलेले सगळे गेले. स्टीमने खेळण्याला टिकाऊ स्मृती दिली, चुकीची निवड परत करण्याची सोय दिली, आणि दुसऱ्याच्या मताशी आपले मत ताडून पाहण्याची जागा दिली. कुठल्याही कलेत रसिक घडतो तो या तीन गोष्टींवर. म्हणून गेम्सचा संग्रह लावणे, निवडणे, परत करणे, त्यावर मत देणे हा खेळण्याच्या आनंदाचाच भाग आहे असे मी मानतो. हा आनंद घ्यायचा असेल तर लगाम मात्र खेळणाऱ्याच्या हाती राहिला पाहिजे.

या व्यासपीठाची सुरुवात आनंदाची नव्हती. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांचा हाफ-लाइफ हा गेम आला आणि त्याच्याच पायावर हौशी मंडळींनी काउंटर-स्ट्राइक रचला. इंटरनेटवर हजारो जण एकत्र खेळू लागले तेव्हा एक साधी अडचण पुढे आली. गेममध्ये सुधारणा केली की कोणाकडे जुनी आवृत्ती, कोणाकडे नवी, आणि काही काळ निम्म्या लोकांना एकमेकांशी खेळताच येईना. ही अडचण सोडवायला १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू झाले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हाफ-लाइफ २ आला आणि दुकानातून डिस्क विकत घेतलेल्यांनाही स्टीमवर खाते उघडल्याशिवाय तो खेळता येईना. सर्व्हर ताणाखाली कोलमडले. पैसे मोजलेले लोक पहिल्याच दिवशी ताटकळत राहिले. त्या काळात स्टीमविषयी जो राग होता तो रास्त होता. २००५ पासून इतरांचे गेम्स तिथे विकले जाऊ लागले, सोयी वाढत गेल्या, आणि तो राग हळूहळू सवयीत आणि मग आपुलकीत बदलला. हा बदल जाहिरातीने झालेला नाही. वर्षानुवर्षे एकेक काच दूर केल्यामुळे झाला आहे.

ते काच कसे दूर झाले हे लायब्ररीचे पान जवळून पाहिले की कळते. डावीकडे आपल्या गेम्सची यादी असते. एखाद्यावर क्लिक केले की त्याचे मोठे चित्र उघडते आणि खाली एक बटण दिसते: गेम संगणकावर असेल तर हिरवे, नसेल तर निळे. शेजारी तो शेवटचा कधी खेळला ती तारीख, आजवर त्यात घालवलेले तास, मिळवलेल्या अचीव्हमेंट्स, आणि सेव्ह केलेली प्रगती क्लाउडवर पोहोचली की नाही याची खूण. ही सोय असलेला गेम बंद करताना सेव्हची फाइल वर जाते. दुसऱ्या संगणकावर तोच गेम उघडला की ती खाली उतरते आणि खेळ सोडला होता तिथून पुढे चालू होतो. अपडेट आला तर सबंध गेम पुन्हा उतरवावा लागत नाही. फायलींचे साधारण एक एमबीचे तुकडे केलेले असतात आणि बदललेले तेवढेच तुकडे येतात. आपल्याकडे मोबाइलच्या डेटावर संगणक चालवणारे अनेक आहेत, त्यांना या बारकाव्याची किंमत वेगळी सांगायला नको. यादीचे गट पाडता येतात: अर्धवट राहिलेले, मुलांसोबत खेळायचे, अर्ध्या तासात संपणारे, कोडी, शेती, युद्धनीती. शंभर गेम्सचा संग्रह असा स्वतःच्या समजुतीने लावून ठेवणे हे पुस्तकांच्या शौकिनाला किंवा जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्याला ओळखीचे वाटेल असे सुख आहे.

याच यंत्रणेने आणखी एक मोठी गोष्ट केली आणि तिच्याबद्दल मला विशेष आदर आहे. संगणकावरचे गेम्स म्हणजे विंडोज, हे समीकरण दोन दशके पक्के होते. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणले. विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्ससाठी ज्या आज्ञा देतो, त्या चालू खेळात लिनक्सला कळतील अशा आज्ञांमध्ये बदलण्याचे काम ते करते. त्याचा पाया वाइन या जुन्या मुक्त प्रकल्पाचा, आणि सुधारणाही सर्वांसाठी खुल्या. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात मावणारा संगणक याच बळावर उभा राहिला. लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्याला आता बहुतेक गेम्ससाठी दुसरी प्रणाली घालावी लागत नाही. पकडून ठेवता आले असते तिथे दार उघडे ठेवले गेले.

सोय हा क्षुल्लक शब्द वाटेल, पण भारतातला अनुभव तिचे वजन सांगतो. दोन हजारच्या दशकात आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि वसतिगृहांत काउंटर-स्ट्राइक १.६ मनसोक्त खेळला गेला, आणि त्यातल्या बहुतेक प्रती नॉन-स्टीम या नावाने ओळखल्या जात, म्हणजे सरळ चोरीच्या होत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे सुटे भाग घ्यायला गेलेल्या माणसाला गेम्सच्या नकली सीड्या कुठे मिळतात हे विचारावे लागत नसे. अस्सल प्रत महाग होती, आणि परवडली तरी विदेशी चलनात पैसे भरायला क्रेडिट कार्ड हवे होते. २०११ मध्ये न्यूएल यांनी अशी भूमिका मांडली की चोरी हा मुळात किमतीचा प्रश्न नाही, सेवेचा आहे. चोर अधिक चांगली सेवा देतो तिथे लोक चोराकडे जातात. भारताच्या बाबतीत किंमतही तितकीच महत्त्वाची होती असे मला वाटते. तरी पुढे घडले ते त्यांच्या म्हणण्याला पुष्टी देणारे आहे. २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या, देशागणिक वेगळे भाव ठेवता येऊ लागले, नंतर यूपीआयने पैसे भरता येऊ लागले. नकली प्रतीत व्हायरसची भीती, अपडेट नाही, सेव्हची हमी नाही. अस्सल प्रत सेलमध्ये दोनतीनशे रुपयांत मिळू लागल्यावर नकलीच्या मागे लागण्याचे कारणच उरले नाही. नकली सीड्या वापरून मोठी झालेली पिढी आज नोकरीला लागल्यावर तेच जुने गेम्स पैसे देऊन विकत घेते, याचे मोल कुठल्याही छापासत्रापेक्षा मोठे आहे.

निवड चुकण्याचा हक्क हा रसिकतेचा दुसरा आधार. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो, कारण काहीही असो. हा नियम जून २०१५ मध्ये आला. त्याआधी ऑगस्ट २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले होते आणि पुढे डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. व्यासपीठे आपणहून चांगली होतात असे समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. नियम कसाही आला असो, त्याने खेळणाऱ्याचा स्वभाव बदलला. अनोळखी देशातल्या अनोळखी माणसाने केलेला विचित्र गेम घेऊन पाहण्याची जोखीम उरली नाही. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारपाच वर्षे खपून केलेला स्टारड्यू व्हॅली २०१६ मध्ये आला. शेती, गाव, शेजारपाजार असा मंद चालीचा खेळ. आज त्याच्या सगळ्या माध्यमांवर मिळून ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. कोणताही मोठा प्रकाशक हात लावणार नाही अशा खेळाला प्रेक्षक मिळतो, कारण प्रेक्षकाला चाखून बघता येते.

तिसरा आधार मतांचा. स्टीमवर गेम विकत घेतलेला माणूस परीक्षण लिहितो तेव्हा त्याने तो किती तास खेळला हे त्याच्या मतासोबत आपोआप छापले जाते. चाळीस मिनिटे खेळून शिव्या देणारा आणि तीनशे तास खेळून तक्रार करणारा, दोघांचे वजन वाचणाऱ्याला लगेच कळते. आपल्या नाट्यपरीक्षणांना अशी सोय असती तर किती बरे झाले असते. या व्यवस्थेचा गैरवापरही होतो. गेमशी संबंध नसलेल्या रागापोटी झुंडीने वाईट शेरे देण्याचे प्रकार इतके वाढले की २०१७ मध्ये स्टीमने शेऱ्यांचा कालक्रमाने आलेख दाखवायला सुरुवात केली आणि २०१९ पासून विषयबाह्य झुंडीचे शेरे एकूण गुणांतून वगळायचे ठरवले. पण झुंडीचा राग कधी कधी न्याय्यही असतो. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ खेळणाऱ्यांवर सोनीने आपले वेगळे खाते उघडण्याची सक्ती केली; ज्या देशांत तसे खाते उघडताच येत नाही तिथेही गेम विकला गेला होता. काही दिवसांत लाखो नकारार्थी शेरे पडले आणि सक्ती मागे घेतली गेली. ग्राहक संघटित झाला की काय होते याचे हे अलीकडचे चांगले उदाहरण आहे.

आता आक्षेपांकडे येतो, आणि पहिला सगळ्यांत गंभीर आहे. स्टीमवर आपण गेम विकत घेतच नाही, वापरण्याचा परवाना घेतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने डिजिटल विक्रीत ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगण्याची सक्ती करणारा कायदा केला, आणि त्यानंतर स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी सूचना झळकू लागली. खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्रातूनही नाही. वाचलेले पुस्तक मित्राला देऊन टाकावे तसा खेळून झालेला गेम पुन्हा विकता येत नाही. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने हा हक्क मागितला, २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तो मान्य केला, २०२२ मध्ये अपिलात तो निर्णय फिरवला गेला. म्हणजे स्टीमची लायब्ररी ही घरच्या पुस्तकांच्या कपाटापेक्षा गावच्या वाचनालयाच्या वर्गणीला जवळची आहे, फक्त वर्गणी एकदाच आणि पुस्तकागणिक भरायची. हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. मग या संग्रहाला संग्रह म्हणायचे कशाला? माझे उत्तर व्यवहारावर आधारलेले आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असे आढळले. डिस्कच्या काळात मालकी होती आणि तरीही गेम्स नाहीसे झाले. उलट स्टीमवर दुकानातून काढून टाकलेला गेमही ज्याने आधी घेतला आहे त्याच्या यादीत सहसा राहतो आणि पुन्हा उतरवता येतो. कायदेशीर हक्क कमी आणि प्रत्यक्षातली टिकाऊपणाची शक्यता जास्त, अशी ही विचित्र अवस्था आहे.

या उत्तराला मर्यादा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी द क्रू या गेमचे सर्व्हर बंद केले तेव्हा नऊ वर्षांपूर्वी पैसे मोजलेल्यांच्याही हाती काही उरले नाही, कारण तो एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. त्यातून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. मला ही मागणी पूर्णपणे रास्त वाटते: विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा. तोवर खेळणाऱ्याने एवढे करावे की खरेदीपूर्वी तो गेम इंटरनेटशिवाय चालतो का ते पाहावे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेल्या जीओजी या दुकानात कुलूप नसलेल्या प्रती मिळतात, त्या उतरवून आपल्या डिस्कवर कायमच्या ठेवता येतात. जे गेम्स मनाच्या फार जवळचे आहेत ते तिथून घ्यावेत, असे मी स्टीमची बाजू घेऊनही सांगेन.

दुसरा आक्षेप साठवणुकीचा आणि लोभाचा. सेल आला की दहा गेम घ्यायचे आणि एकही उघडायचा नाही, हे सर्वत्र घडते. त्याचे खापर सर्वस्वी दुकानावर फोडता येणार नाही. घेतलेल्या पण न वाचलेल्या पुस्तकांबद्दल आपण इतके कठोर नसतो. पण एका बाबतीत मी स्टीमची बाजू घेणार नाही. काउंटर-स्ट्राइकमधल्या बंद पेट्या विकत घेतलेल्या किल्लीने उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर, आणि निघालेली रंगीत बंदूक बाजारात विकायची, हा प्रकार जुगाराला लागून आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरवले आणि व्हॉल्व्हला तिथे त्या बंद कराव्या लागल्या. इतर बहुतेक देशांत त्या चालूच राहिल्या, ही या कंपनीच्या कारभारातली सगळ्यांत मोठी खोट आहे. पालकांनी आपल्या मुलाच्या खात्यात पहिली गोष्ट कोणती पाहावी तर ही. २०२४ मध्ये आलेल्या स्टीम फॅमिलीजमध्ये एका घरातले सहा जण आपले गेम्स वाटून घेऊ शकतात, आणि मुलाने काय खेळावे, किती वेळ खेळावे, खरेदीला परवानगी द्यावी की नाही हे पालकाला ठरवता येते. मोबाइलवरच्या फुकट दिसणाऱ्या गेम्सपेक्षा इथे पालकाच्या हातात जास्त ताबा आहे. तो वापरण्यासाठी पालकाने एक संध्याकाळ मुलाजवळ बसून ते पान समजून घ्यायला हवे.

एकाच दुकानाच्या मक्तेदारीचा आक्षेप थोडक्यात उरकतो, कारण तो खेळणाऱ्यापेक्षा गेम बनवणाऱ्यांना जास्त बोचतो. स्टीम विक्रीतला ३० टक्के वाटा घेते. २०१८ पासून एक कोटी डॉलरच्या पुढे तो २५ आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्क्यांवर येतो. म्हणजे सवलत मोठ्यांना मिळते आणि लहानांना नाही, हे उलटे आहे. त्याच वर्षी डिसेंबरात १२ टक्के घेणारे एपिक या कंपनीचे दुकान आले, तरी लोक हलले नाहीत, यावरून त्या वाट्याच्या बदल्यात काहीतरी मिळते एवढे सिद्ध होते. वाटा योग्य आहे हे मात्र सिद्ध होत नाही. लहान निर्मात्याला काय मिळते याचे घरचे उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने राजी हा गेम करायला घेतला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न पुरा पडला नाही. तरीही २०२० मध्ये तो आला, आधी निन्टेंडो स्विचवर आणि मग स्टीमवर. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी किल्ल्यांची आठवण देणाऱ्या वास्तू, पौराणिक राक्षस. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले आणि नंतरच्या आवृत्तीत हिंदी संवादही आले. शंभर डॉलर भरून जगभरच्या दुकानात आपला खेळ मांडता येतो, ही सोय नसती तर पुण्यातला हा खेळ ब्राझीलमधल्या किंवा पोलंडमधल्या खेळणाऱ्यापर्यंत इतक्या सहज पोहोचला नसता.

मराठी वाचकासाठी यातला एक भाग अजून मोकळा पडलेला आहे. स्टीमचा स्वतःचा व्यवहार दोन डझनांहून अधिक भाषांत चालतो. त्यांत मराठी नाही. गेम्समध्येही मराठी क्वचितच दिसते. ही कमतरता कंपनीची आहे तशी आपलीही आहे. दुकान भाषा घालते ती मागणी दिसली की, आणि मागणी दिसते ती त्या भाषेत लिहिणाऱ्यांमुळे. जपानी, रशियन, चिनी खेळणारे आपल्या भाषेत पानेच्या पाने परीक्षणे लिहितात. त्यात तक्रारी असतात, बारकावे असतात, वाद असतात. मराठी माणूस नाटकाच्या मध्यंतरात जितक्या तावातावाने बोलतो तितक्याच तावाने गेम्सबद्दल बोलू शकतो, हे कुठल्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ऐकायला मिळेल. ते बोलणे कुठे उतरत नाही एवढेच. तेव्हा पुढची प्रकरणे वाचताना लायब्ररी उघडी ठेवा, एखादा अर्धवट राहिलेला गेम पुरा करा, आणि तो का आवडला किंवा का फसला हे त्याच्या पानावर देवनागरीत, कारणांसह लिहा.